दहा बोल्ट, दहा रेघा

बायकोला स्मशानात पोचवून आल्यावर चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी गॅरेजचं शटर वर केलं, तेव्हा नातेवाइकांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, माणूस खमका आहे. दुसऱ्या तटाचं म्हणणं, माणूस दगड आहे. चुलत बहीण तर गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, "घटकाभर रडून घे रे. आत साठवून ठेवू नये." हेडमास्तर "बरं" म्हणाले आणि कामाला लागले. खरं सांगायचं तर साठवायला आत काही नव्हतंच. दाढ काढताना सुई दिली की गाल आपल्याच तोंडाला असतो पण आपला नसतो, तसं त्यांचं सगळ्या अंगाचं झालं होतं. भूक लागायची, ते जेवायचे. झोप यायची, ते झोपायचे. कुणी विनोद केला तर हसायची जागा त्यांना बरोबर कळायची आणि तिथं ते हसायचेही. याला खमकेपणा म्हणणाऱ्यांनी आठवडाभर तसं जगून बघावं.

हेडमास्तर ही पदवी त्यांना शाळेनं दिलेली नव्हती. शाळेचा आणि त्यांचा संबंध सातवीतच तुटला, तोही शाळेच्या बाजूनं. पदवी दिली गाडीवाल्यांनी. इंजिनाच्या डोक्यावर जे जड झाकण बसतं, ज्याच्यात व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात, त्याला हेड म्हणतात, आणि जुन्या टर्बो डिझेल गाड्यांचं हेड म्हणजे जन्माचं दुखणं. गाडी एकदा उकळली की हेड वाकतं, नाहीतर दोन व्हॉल्व्हच्या मधे केसाएवढी चीर पडते. मग गाडी पाणी प्यायला लागते, पांढरा धूर सोडते, आणि इतर गॅरेजवाले मालकाला "आता विकून टाका" असा सल्ला देऊन हात झटकतात. हेडमास्तर अशी गाडी ठेवून घ्यायचे. हेड उतरवायचं, लेथवाल्याकडून तपासून, फेसिंग मारून, म्हणजे तळ घासून सपाट करून आणायचं, आणि ते जमण्यासारखं नसलं तर भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं हेड आणून बसवायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. नवरा हेडमास्तर म्हटल्यावर बायकोला लोक आपोआप 'बाई' म्हणू लागले. बाईंना ते आवडायचं. त्या कधीकधी हातात पट्टी घेऊन फिरायच्या, फक्त गंमत म्हणून.

बाईंचं गॅरेजात काम एकच होतं, पण त्यांच्यावाचून हेड बसत नसे. हेड बसवताना दहा बोल्ट आवळावे लागतात. ते वाटेल तसे आवळून चालत नाही. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या अंगाला ठरलेल्या क्रमानं जायचं, आणि तेही तीन फेऱ्यांत. पहिली फेरी टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेला जोर पुरा झाला की 'टक्' असा आवाज करणाऱ्या पान्यानं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक बोल्टला पाव वळसा. तिसऱ्या फेरीत आणखी पाव वळसा. यात काही सुटलं तर हेड नीट बसत नाही, आणि मग एखाद्या चढावर, गाडी जीव खाऊन ओढत असताना, हेडखालचं गॅस्केट फुटतं. हेडमास्तरांचा हात सोन्याचा होता, पण आकड्यांच्या बाबतीत आनंदच होता. सातानंतर आठ झाला की नऊ, यावर ते मिनिटभर विचार करत. म्हणून बाई इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहायच्या आणि एक ते दहा आकडे म्हणायच्या. पहिली फेरी संपली की नेलपॉलिशच्या बाटलीतल्या ब्रशनं प्रत्येक बोल्टच्या माथ्यावर एक लाल ठिपका द्यायच्या. मग पुढच्या दोन फेऱ्या.

हे चालू असताना गॅरेजात कुणी बोलायचं नाही असा नियम होता. बाई आधी सगळ्यांचे फोन गोळा करून बाहेर बाकावर नेऊन ठेवायच्या. बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे हेडमास्तरांचा मेव्हणा, तिथंच बेल्ट, पाइप आणि वायरिंगचं काम बघायचा. तो एकदा सहाव्या बोल्टला शिंकला, तर बाईंनी पुढची तीन हेडं बसेपर्यंत त्याला फुटपाथवर उभा केला होता. सख्खा भाऊ म्हणून सवलत नाही.

बाई गेल्यावर अडीच महिन्यांनी जनावरांच्या डॉक्टरांची गाडी आली. मधल्या काळात ब्रेक, क्लच, गळती अशी किरकोळ कामं झाली होती. हेडचं काम हे पहिलंच. गाडी बावीस वर्षांची, मागं औषधांच्या पेट्या, दोऱ्या आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि सगळ्याला गोठ्याचा वास. डॉक्टर पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला रोखठोक. घाटापलीकडच्या पंधरावीस खेड्यांना त्या एकट्याच होत्या.

"मास्तर, रोज सकाळी लिटरभर पाणी मागते," त्या म्हणाल्या. "आणि वरचा पाइप दगडासारखा कडक होतो."

"हेड," हेडमास्तर म्हणाले.

"मला वाटलंच. करा काय ते. पण नीट करा. मी घाटात अडकले तर माझं काही जात नाही. झाडाखाली बसेन. पण तिकडं गाईचं वासरू आडवं आलेलं असतं, आणि ते माझी वाट बघत थांबत नाही."

हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरवर, दोन व्हॉल्व्हच्या मधे, चीर निघाली. लेथवाल्यानं हेड हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "याला आधीच दोनदा फेसिंग मारलंय कुणीतरी. आता मी मारलं तर हातात कागद उरेल." म्हणून हेडमास्तर भंगारवाल्याकडे गेले. तिथं त्याच जातीची एक गाडी होती, मागून चेपलेली, पण पुढून शाबूत. तिचं हेड त्यांनी स्वतः उतरवलं. लेथवाल्यानं त्याची सगळी भोकं बंद करून ते गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं, आत हवा भरली, आणि दोघं टाकीकडे बघत बसले. एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे चीर नव्हती. एरवी अशा वेळी हेडमास्तर लेथवाल्याच्या पाठीत थाप मारायचे. या वेळी त्यांनी मान हलवली. लेथवाल्यालाच चुकल्यासारखं झालं.

हेड बसवायच्या दिवशी मेव्हणा बराच वेळ हात पुसत घुटमळला. मग म्हणाला, "भावजी, आकडे मी म्हणू?"

"नको. तू बेल्ट घेऊन ये दुकानातून."

मेव्हण्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. बहिणीच्या जागेवर उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो गेला, आणि हेडमास्तर इंजिनापुढं एकटे उरले.

त्यांनी नवं गॅस्केट घातलं, हेड बसवलं, दहाही नवे बोल्ट हातानं फिरवून घेतले आणि पहिली फेरी केली. आकडे स्वतःच म्हटले, मोठ्यांदा. रिकाम्या गॅरेजात ते आकडे दुसऱ्याच कुणाचे वाटले. नेलपॉलिशची बाटली कुठं असते ते त्यांना माहीत होतं, पण ते तिकडं गेले नाहीत. टायरवर नंबर लिहायचा पांढरा पेन खिशात होता, तो काढला आणि प्रत्येक बोल्टच्या माथ्यावरून एक रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, रेडिएटरपासून ड्रायव्हरच्या दिशेला. दहा बोल्ट, दहा रेघा. पेन खिशात ठेवतात तोच त्या खिशातला फोन वाजला. फोन गोळा करायला कुणी नव्हतं.

"नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय," पलीकडून एका मुलीचा गोड, घाईतला आवाज आला. बाईंची शेवटचे चार महिने ज्या दवाखान्यात ये-जा होती, तोच हा दवाखाना. "उद्या साडेनऊला पेशंटची तपासणी आहे. उपाशीपोटी आणा. जुने रिपोर्ट बरोबर ठेवा."

तिच्या यादीतून बाईंचं नाव काढायचं राहिलं होतं, एवढंच. 'ती वारली' असं सांगायचं आणि फोन ठेवायचा, याला काही अक्कल लागत नाही. हेडमास्तर म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "अगदी उपाशीपोटी?"

"हो. पाणी चालेल."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि पाना उचलला.

मेव्हणा बेल्ट घेऊन आला तेव्हा हेडमास्तर पाना पुसत उभे होते. मेव्हण्यानं वाकून बघितलं. दहाही पांढऱ्या रेघा शिस्तीत, एका दिशेला, रेडिएटरपासून ड्रायव्हरकडे. "झालं?" त्यानं विचारलं. "झालं," ते म्हणाले. मग बेल्ट चढला, बोल्ट झाकणारं वरचं टॅपेट कव्हर बसलं, टर्बोचा पाइप जोडला, पाणी भरलं. सेल्फ मारल्याबरोबर इंजिन चालू झालं आणि मऊ फिरू लागलं. डॉक्टर येऊन गाडी घेऊन गेल्या. जाताना काचेतून म्हणाल्या, "मास्तर, हिला गाणं शिकवलंत की काय?" हसायची जागा होती. ते हसले.

सहा दिवसांनी एक टॅक्सीवाला टॅपेट कव्हरमधून तेल गळतं म्हणून आला. त्याचं हेड दोन वर्षांपूर्वी इथंच बसलं होतं. मेव्हण्यानं कव्हर काढलं आणि तो बघतच राहिला. तेलानं काळवंडलेल्या दहा बोल्टांवर दहा लाल ठिपके होते. मेव्हणा एकदम मागच्या नळावर हात धुवायला गेला. हात त्यानं दहा मिनिटं धुतले, आणि परत आला तेव्हा डोळे लाल होते. ताईचा हात तिथं लागलेला होता, त्याला रडू आलं, हे कुणालाही कळेल. हेडमास्तरही ठिपक्यांकडे बघत वाट पाहत राहिले, आता आपल्यालाही काहीतरी होईल. झालं नाही. मात्र माणूस सुन्न झाला तरी कारागिराचा डोळा सुन्न होत नाही. त्यांना दुसरंच काही दिसलं.

ठिपके बोल्टांच्या मधोमध नव्हते. सगळे कडेला होते, आणि दहाही ड्रायव्हरच्या बाजूच्या कडेला.

त्यांनी बेल्टच्या रिकाम्या खोक्यावर पेननं एक गोल काढला. बाई ठिपका द्यायच्या तो पहिल्या फेरीनंतर, रेडिएटरच्या बाजूला. एक पाव वळसा, की ठिपका आडव्या बाजूला. दुसरा पाव वळसा, की ड्रायव्हरकडे. म्हणजे नुसतं बघितलं तरी कळावं, कुठला बोल्ट कुठवर आलाय. मग त्यांनी दुसरा गोल काढला आणि त्यात आरपार रेघ ओढली. पाव वळसा, रेघ आडवी. आणखी पाव वळसा, रेघ पुन्हा उभी, पहिल्यासारखीच. दोन्ही फेऱ्या पुऱ्या झालेली रेघ आणि हातच न लावलेली रेघ, दोन्ही दिसायला एक. एकतीस वर्षं ते ठिपके त्यांच्या नाकासमोर होते आणि ठिपकाच का, रेघ का नाही, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. बायकांचं नाजूक काम, म्हणून ठिपका, एवढीच त्यांची समजूत. बाईंनी ते कधीतरी एकट्यानं डोकं चालवून शोधून काढलं असणार, आणि नवऱ्याला सांगायच्या फंदात पडल्या नसणार.

हेडमास्तर बाकावर बसले आणि आठवायला लागले. फोनवरची मुलगी. पाणी चालेल. बरं. मग पाना हातात. मग मेव्हणा, बेल्ट घेऊन दारात. या दोहोंच्या मधलं काहीच सापडेना. डॉक्टरांच्या गाडीच्या बोल्टांना दोन वळसे मिळाले की एकही मिळाला नाही, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला आठवत नव्हतं.

त्यांनी मेव्हण्याला सांगितलं. मेव्हण्याचा रंग उडाला, पण तोंड चालू राहिलं. "भावजी, गाडी सहा दिवस धावतेय. ढिलं असतं तर पहिल्याच चढावर फुटलं असतं."

"नुसत्या पहिल्या फेरीवरसुद्धा हेड काही दिवस काढतं. मग एक दिवस नाही काढत."

"मग फोन करून विचारू ना, पाणी कमी होतंय का म्हणून."

फोन केला. डॉक्टर घाटापलीकडं असल्या की फोन लागत नसे. तो लागला नाही.

"आणि जाऊन सांगणार काय?" मेव्हणा म्हणाला. "हेडमास्तरांना हेड आवळल्याचं आठवत नाही? गावभर होईल. हे म्हणजे आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं झालं."

हेडमास्तर टॉर्क पाना फडक्यात गुंडाळत होते. त्यांनी सॉकेट घेतलं, कव्हरचं एक नवं गॅस्केट घेतलं आणि सगळं पिशवीत भरलं.

"मी येऊ?"

"तू टॅक्सी पुरी कर."

मेव्हणा दारापर्यंत आला. "भावजी, तुम्हाला भीती वाटतेय का?"

"वाटायला पाहिजे," हेडमास्तर म्हणाले. खरंच वाटायला पाहिजे होती.

बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी भीती आणून बघितली. वळणावर उभी राहिलेली गाडी, बॉनेटमधून वाफ, रस्त्याच्या कडेला डॉक्टर, आणि कुठल्यातरी गोठ्यात पाय झाडणारी गाय. चित्र सगळं स्वच्छ उभं राहिलं, पण त्यांच्या अंगाला त्यातलं काही लागलं नाही. फक्त एक गोष्ट नवी होती. बस प्रत्येक थांब्यावर रेंगाळली की त्यांचा पाय आपोआप हलायचा. अडीच महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच कुठंतरी लवकर पोचायचं होतं. या घाईला त्यांनी जबाबदारी असं नाव दिलं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

डॉक्टरांचं घर रस्त्याला लागून होतं. अंगणात गाडी उभी होती, आणि डॉक्टर नळाखाली बूट धूत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"मास्तर? तुम्ही इकडं कसे काय?"

"गाडी पाणी पितेय का?"

"थेंब नाही. का?"

हेडमास्तरांनी वळणं घेत बसायचं टाळलं. "हेडचे बोल्ट पुरे आवळले की नाही, मला आठवत नाही."

डॉक्टरांनी नळ बंद केला. "प्यायला होतात?"

"नाही."

"मग?"

"मधेच फोन आला."

"कुणाचा?"

"दवाखान्यातून. बायकोला तपासणीला आणा म्हणून. उपाशीपोटी." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "ती अडीच महिन्यांपूर्वी गेली."

डॉक्टरांना बाई माहीत होत्या. दोन वर्षांपूर्वी गाडीच्या क्लचच्या वेळी बाईंनी त्यांना चहा पाजला होता आणि गाईंना नावं कोण ठेवतं ते विचारलं होतं. लोक अशा वेळी 'अरेरे' म्हणतात, काय झालं होतं म्हणून विचारतात. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "उघडा मग. मला चार वाजता घाट चढायचाय."

इंजिन गरम होतं. ते निवेपर्यंत तासभर थांबावं लागलं. दोघं पायरीवर चहा पीत बसले. हेडमास्तर सारखे उठून इंजिनाला हात लावून बघत होते. चौथ्या खेपेला त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, पाइप बाजूला केला आणि टॅपेट कव्हर उचललं.

दहा पांढऱ्या रेघा, सगळ्या सरळ.

"हे तर छान दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या.

"तीच तर पंचाईत." त्यांनी समजावून सांगितलं. मग टॉर्क पान्याचा आकडा पहिल्या फेरीच्या आकड्याहून चांगला वर चढवला. "पहिल्याच फेरीवर राहिला असेल, तर पाना टक् करायच्या आत बोल्ट सरकेल. पुरा आवळलेला असेल, तर जागचा हलणार नाही, नुसतं टक् होईल. टक् झालं की थांबायचं. त्यापुढं जोर लावला तर बोल्ट तुटतो."

"मी काय करू?"

"तिकडून उभ्या राहून आकडे म्हणा. मधे बोलू नका."

डॉक्टर पलीकडच्या बाजूला गेल्या. त्यांनी ओले हात ॲप्रनला पुसले आणि म्हटलं, "एक."

हेडमास्तरांनी पान्यावर भार दिला. टक्. रेघ जागच्या जागी.

"दोन."

टक्.

"तीन."

टक्. तिसऱ्या सिलिंडरच्या अंगाचा चौथा बोल्ट, जुनं हेड चिरलं होतं त्या जागेचा, तिथंच काही असलं तर असणार, असं त्यांना वाटत होतं. "चार." टक्. बोल्ट खडकासारखा उभा. "पाच." टक्.

आता खरं तर जिवात जीव यायला हवा होता. पाच पुरे निघाले म्हणजे उरलेलेही पुरे असणार, हे कालच्या शिकाऊ माणसालाही कळतं. पण प्रत्येक टक् झाल्यावर ते पुन्हा वाकून रेघेकडे बघत होते. बसमधली घाई कसली होती ते त्यांना सहाव्या बोल्टाशी कळलं. ते बोल्ट ढिला नाही ना, हे बघायला आलेच नव्हते. ढिला सापडावा म्हणून आले होते. इतकी लाजिरवाणी गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी मागितली नव्हती, तीही दुसऱ्याच्या गाडीत. सहाव्या बोल्टावर त्यांनी भार अगदी हळूहळू दिला, त्याला सरकायला वेळ मिळावा म्हणून. टक्. सातवा, टक्. "आठ," डॉक्टर म्हणाल्या. टक्. "नऊ." टक्.

"दहा."

शेवटचा बोल्ट कोपऱ्यातला होता. टक् झालं. हेडमास्तरांनी पाना सोडला नाही. ते तसेच दाबत राहिले. पान्यानं पुरे म्हणून सांगितलं होतं, आणि त्यापुढं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. बोल्ट आतून ताणला जातो, ताणला जातो, आणि मग लोण्यासारखा मऊ लागतो, आणि मग माथा हातात येतो. "सरक," ते दातांत म्हणाले. "सरक ना."

"मास्तर, दहा झाले," डॉक्टर म्हणाल्या.

ते दाबतच होते.

डॉक्टरांनी पलीकडून हात लांब केला आणि पान्याचा दांडा धरला. "तुटेल."

हेडमास्तरांनी हात काढला. बोल्ट तसूभरही हलला नव्हता. दहाही रेघा सरळ होत्या. कुठल्या तरी वेळी, फोन ठेवल्यानंतर आणि मेव्हणा यायच्या आत, त्यांच्या हातांनी वीस पाव वळसे बिनचूक दिले होते. आकडे म्हणायला समोर कुणी नव्हतं, ते स्वतःही तिथं नव्हते, आणि तरी एकही चुकला नव्हता.

"म्हणजे सगळे बरोबर?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळे बरोबर."

"मग चांगलंच झालं की." त्यांनी हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं?"

"एक तरी ढिला निघायला पाहिजे होता," हेडमास्तर म्हणाले.

"का?"

"ती नव्हती ना." त्यांचा आवाज कापला, आणि त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं. "एकतीस वर्षं समोर उभी राहिली, डॉक्टर. ती नसताना दहाच्या दहा बरोबर कसे येतात? काहीतरी अडायला पाहिजे होतं. एक बोल्ट तरी."

डॉक्टरांनी नळाजवळची बादली उलटी करून पुढं सरकवली. हेडमास्तर तिच्यावर बसले, आणि हात तेलाचे असल्यामुळं तोंड झाकता न येऊन, तसेच उघड्यावर रडले. चार वाजून गेले तरी टॅपेट कव्हर बाजूलाच पडलेलं होतं.